अफेलँड्रा: पिवळा तुरा उतरल्यावरही झाड जगवायचं कसं

गडद हिरवी चकचकीत पानं, त्यांवर दुधासारख्या पांढऱ्या शिरा, आणि शेंड्याला चार धारांचा सोनपिवळा तुरा. रोपवाटिकेत अफेलँड्रा असं उभं दिसलं की पाय थांबतातच. घरी आणल्यावर महिना-दीड महिना तुरा दिमाखात राहतो. मग तो हिरवट, करडा पडायला लागतो. त्याच सुमारास खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुंडीत एक उघडी काडी आणि तिच्या टोकाला चार पानं एवढंच उरतं. बहुतेक घरांत अफेलँड्राचा प्रवास इथेच संपतो. "हे झाड टिकतच नाही" असं म्हणत त्या कुंडीत दुसरं काहीतरी लावलं जातं.

मला हे पटत नाही, आणि वाईटही वाटतं. हे मुळात झुडूप आहे, वर्षानुवर्षं जगणारं. वेळेवर छाटलं तर दाट होतं, पुरेसा उजेड मिळाला तर घरातल्या घरात पुन्हा फुलतं. माझ्याकडे आज जे झाड आहे ते अशाच एका उघड्या काडीच्या शेंड्यापासून केलेलं आहे आणि त्याने आतापर्यंत तीनदा तुरे दिलेत. त्यासाठी फार कौशल्य लागत नाही. पाणी, हवेतला ओलावा, उजेड आणि छाटणी या चार गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

आधी झाड ओळखू या

अफेलँड्रा स्क्वारोसा हे याचं शास्त्रीय नाव. मूळ ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या पर्जन्यवनातलं, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारं. तिथे हवा कायम दमट, जमिनीवर कुजलेल्या पाल्याचा भुसभुशीत थर, वरून झिरपून येणारा उजेड, आणि कडाक्याची थंडी जवळजवळ नाहीच. पुढे मी जे जे सांगणार आहे ते सगळं या एका चित्रातून येतं. काही अडलं तर या जंगलाकडे परत जायचं आणि आपल्या खोलीत यातलं काय कमी आहे ते शोधायचं.

याचं कुळ आपल्या ओळखीचं आहे: अडुळसा, अबोली आणि कोरांटी यांचंच. अबोलीचा तुरा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना अफेलँड्राची रचना लगेच कळेल. अबोलीत एकमेकांवर रचलेल्या हिरव्या खवल्यांमधून केशरी फुलं बाहेर येतात. त्या खवल्यांना छद म्हणतात. अफेलँड्रात हे छदच पिवळेधमक असतात, म्हणून आपण अख्ख्या तुऱ्यालाच फूल समजतो. बोगनवेलीतही असंच होतं, रंग छदांचा आणि खरं फूल आत इवलंसं. अफेलँड्राची खरी फुलं नळीसारखी, दोन ओठांची, फिक्या पिवळ्या रंगाची असतात. ती छदांमधून डोकावतात आणि काही दिवसांत सुकतात. छद मात्र चार ते सहा आठवडे टिकतात.

'अफेलँड्रा' हे नाव ग्रीक आहे. 'अफेलेस' म्हणजे साधा आणि 'अँड्रॉस' म्हणजे नर. याच्या पुंकेसरांचे परागकोश एकाच कप्प्याचे असतात, त्यावरून ते पडलं.

नावाच्या बाबतीत एक काळजी घ्या. 'झेब्रा प्लांट' या नावाने किमान तीन वेगळी झाडं विकली जातात: अफेलँड्रा, कॅलेथिया झेब्रिना आणि हावर्थिया. हावर्थिया हे जाड पानांचं, कोरड्या प्रदेशातलं झाड आहे. त्याच्यासाठी लिहिलेला 'महिन्यातून दोनदा पाणी' हा सल्ला अफेलँड्राला लावला तर आठवड्याभरात पानं खाली येतील. त्यामुळे कुठलाही सल्ला वाचताना शास्त्रीय नाव आधी पाहा.

जातींमध्ये 'लुईझे' जुनी आणि सर्वांत जास्त दिसणारी, तर 'डॅनिया' त्यापेक्षा ठेंगणी. खिडकीत जागा कमी असेल तर मी ठेंगणी घ्यायला सांगेन. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हे झाड त्यांना विषारी नाही, एवढी निश्चिंती.

रोप निवडताना

पूर्ण फुललेला तुरा घेण्याचा मोह आवरा. तुऱ्याचं टोक अजून थोडं हिरवट असेल आणि खरी फुलं नुकती यायला लागली असतील तर रंग तुमच्या घरी जास्त दिवस राहील. त्याहून महत्त्वाची आहेत पानं. खालच्या जोडीपासून वरपर्यंत सगळी पानं जागेवर हवीत. बुंध्याजवळ गळून गेलेल्या पानांच्या ताज्या खुणा दिसल्या तर त्या रोपाने एकदा तरी तहान सोसली आहे, असं समजा. पान उलटून मधल्या शिरेजवळ पाहा, पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो त्या बेचक्यात पाहा. कापसासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते रोप घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी विकताना सहसा कुणी सांगत नाही. रोपवाटिकांमध्ये अफेलँड्रा बुटकं आणि गच्च दिसावं म्हणून वाढ रोखणारी द्रव्यं वापरण्याची पद्धत आहे. काही महिन्यांनी त्यांचा परिणाम ओसरतो आणि नवी वाढ लांब-लांब कांड्यांची यायला लागते. पेरांमधलं अंतर अचानक वाढलेलं दिसलं की "आपलं काहीतरी चुकलं" असं वाटतं. थोडी लांबी उजेड कमी पडल्यानेही वाढते, हे खरं, पण पहिल्या वर्षीच्या या बदलाचं मोठं कारण ते द्रव्य उतरणं हेच असतं. यावर उपाय छाटणी, आणि तिच्याकडे आपण येणारच आहोत.

पहिले पंधरा दिवस

रोपवाटिकेतल्या दमट हवेतून तुमच्या खोलीत येणं हा या झाडासाठी मोठा धक्का असतो. म्हणून या काळात त्याला आणखी धक्के देऊ नका. कुंडी बदलू नका, खत घालू नका, रोज जागा हलवू नका. पडद्याआडच्या उजेडाची एक जागा ठरवा आणि तिथेच राहू द्या. तळाची एखादी पानाची जोडी पिवळी पडून गेली तर घाबरायचं कारण नाही. तीनपेक्षा जास्त जोड्या गेल्या तर मात्र पाण्याची आणि ओलाव्याची तपासणी करा.

रोप फुलावर असतानाच बदलीची कुंडी, नवी माती, भरपूर खत असा सगळा पाहुणचार करण्याची चूक उत्साहाच्या भरात होते. तुरा असताना झाडाची बहुतेक ताकद वर लागलेली असते. त्या वेळी मुळं विस्कटली की झाड पानं टाकतं.

पाणी: इथेच बहुतेक झाडं जातात

अफेलँड्राचं पान रुंद आणि मोठं असतं, वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. एवढ्या पृष्ठभागातून पाणी सतत उडत असतं आणि मुळं मात्र बारीक, नाजूक. त्यामुळे माती एकदा जरी पूर्ण कोरडी झाली तरी झाड पानं सोडून स्वतःला वाचवतं. गंमत अशी की पानं त्याच दिवशी गळत नाहीत. कोरडं पडल्यावर झाड मलूल होतं, पाणी मिळालं की ताठ होतं, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि पाच-सात दिवसांनी खालची पानं पिवळी होऊन पडायला लागतात. तोपर्यंत आपण कोरडेपणा विसरलेलो असतो आणि भलतंच कारण शोधत बसतो.

मी करते ते असं. रोज सकाळी तर्जनी मातीत टाकते, पहिल्या पेरापर्यंत. वरचा एक-दीड सेंटिमीटर थर कोरडा लागला आणि खाली ओल असली की पाणी घालायची वेळ झाली. बोटाला ओली माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. 'दर तीन दिवसांनी' असं वेळापत्रक लावू नका, कारण उन्हाळ्यात हेच झाड रोज पाणी मागेल आणि थंडीत आठवडाभर मागणार नाही. महिनाभर बोटाने पाहिलं की पुढे कुंडी उचलूनच कळायला लागतं. पाणी घातल्यावरचं वजन आणि तहानेच्या वेळचं वजन यांतला फरक हाताला चांगला लक्षात राहतो.

पाणी घालताना कडेने सावकाश, तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत घाला. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. पाणी खोलीच्या तापमानाचं असावं. थंडीच्या दिवसांत नळाचं गार पाणी थेट घातलं तर मुळं आखडतात आणि पानं लोंबतात. म्हणून मी तांब्याभर पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवते.

आता मलूलपणाबद्दल, कारण माझं पहिलं झाड मी यातच गमावलं. एके संध्याकाळी पानं लोंबलेली दिसली. तहान लागली असेल असं धरून मी भरपूर पाणी घातलं. सकाळी तशीच. पुन्हा घातलं. चौथ्या दिवशी बुंधा मातीजवळ काळपट आणि मऊ लागला. झाड कुंडीतून काढलं तेव्हा मुळं तपकिरी होती आणि चिमटीत धरून ओढल्यावर त्यांची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा. झाड तहानलेलं नव्हतं, बुडालेलं होतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानेने मेल्यासारखं दिसतं.

तेव्हापासून लोंबलेली पानं दिसली की पाण्याच्या भांड्याला हात लावण्याआधी मी कुंडी उचलते. हलकी लागली, माती कडेपासून सुटलेली दिसली आणि पानं पातळ, कापडासारखी झाली असतील तर ती तहान. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, वरची माती ओली दिसली की बाहेर काढून निथळू द्या. काही तासांत पानं उठतात. पण कुंडी जड असेल, माती गार आणि ओली असेल, पानं लोंबतानाच पिवळी पडत असतील तर ती कूज आहे. अशा वेळी झाड बाहेर काढा, माती झटका, तपकिरी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, उरलेल्या मुळांच्या मानाने लहान कुंडी घ्या आणि जेमतेम ओलसर ताज्या मिश्रणात लावा. मोठी पानं असतील तर निम्मी कापा, म्हणजे कमी मुळांवर भार पडणार नाही. शेंडा अजून ताठ असेल तर त्याचं कलम त्याच दिवशी लावून ठेवा. मूळ झाड गेलं तरी ते राहील.

हवेतला ओलावा

पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत व्हायला लागल्या की बहुतेक वेळा हवा कोरडी असते. अफेलँड्राला साधारण 60 ते 70 टक्के आर्द्रता आवडते. 50 टक्क्यांच्या आसपास ते तग धरतं, पण सुंदर दिसत नाही. हवेतला ओलावा डोळ्यांना कळत नाही, म्हणून एक साधा आर्द्रतामापक घेऊन झाडाशेजारी ठेवा. तो घेतल्यावर माझे बरेचसे अंदाज चुकीचे निघाले.

पानांवर दिवसातून दोनदा फवारा मारा, हा सल्ला सगळीकडे सापडेल. मी तो देणार नाही. फवाऱ्याने वाढलेला ओलावा काही मिनिटांत उडून जातो आणि पानांवर रात्रभर पाणी राहिलं तर बुरशीचे डाग पडतात. खडे आणि पाणी घातलेल्या ताटलीचाही फायदा थोडाच. खरा उपयोग होतो तो ओलावा सोडणाऱ्या यंत्राचा, किंवा चार-पाच रुंद पानांची झाडं एकमेकांजवळ ठेवण्याचा, किंवा काचेच्या बंद कपाटाचा. न्हाणीघराला चांगली उजेडाची खिडकी असेल तर ती जागा अफेलँड्रासाठी घरातली सर्वांत उत्तम म्हणायला हरकत नाही. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट झाडावर येत असेल तर ओलावा कितीही वाढवा, कडा जळणारच.

तापमान 18 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं. 15 अंशांच्या खाली वाढ थांबते आणि पानं गळायला लागतात. थंडीच्या रात्री काचेला टेकलेली पानं गारठतात, तेवढ्यापुरती कुंडी खिडकीपासून हातभर आत घ्या.

माती, कुंडी आणि खत

मिश्रण असं हवं की पाणी धरेल, पण थांबवणार नाही. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र कण), एक भाग गांडूळखत किंवा चांगला कुजलेला पालापाचोळा. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार राहिलेले असतात. या झाडाला किंचित आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) 5.5 ते 6.5. तुमच्याकडचं पाणी जड असेल, म्हणजे कुंडीच्या काठावर पांढरा थर जमत असेल, तर मातीचा सामू हळूहळू वर जातो आणि झाडाला लोह घेता येत नाही. कोवळी पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी दिसतात. अफेलँड्राच्या शिरा आधीच पांढऱ्या असल्यामुळे हे उशिरा लक्षात येतं, म्हणून नव्या पानाचा हिरवा भाग जुन्या पानाशी ताडून पाहा. पावसाचं साठवलेलं किंवा आरओ यंत्राचं मऊ पाणी वापरलं की हा त्रास थांबतो.

कुंडी मोठी घेऊ नका. मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद पुरे. जास्तीच्या मातीत मुळं पोचेपर्यंत पाणी साचून राहतं.

खताच्या बाबतीत हे झाड खादाड आहे. नवी पानं येत असतील तोवर दर पंधरा दिवसांनी समतोल विद्राव्य खत, वेष्टणावर लिहिलेल्या निम्म्या मात्रेत. खत नेहमी ओल्या मातीत. वाढ थांबली की खतही थांबवा. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार निघून जातील.

तुरा उतरल्यावर: छाटणी

हा लेख मुख्यतः या टप्प्यासाठी लिहिला आहे.

छदांचा पिवळा रंग जाऊन ते हिरवट-करडे दिसायला लागले की तुरा ठेवण्यात अर्थ नाही. तो त्याच्या खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापा. झाड अशक्त असेल तर एवढ्यावरच थांबा आणि महिनाभर त्याला सावरू द्या. ते धडधाकट असेल आणि दिवस वाढीचे असतील, म्हणजे हवेत ऊब आणि खिडकीत भरपूर उजेड असेल, तर लगेच मोठी छाटणी करा.

खोड जवळून पाहा. पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि जिथे जोडी असते किंवा होती ते पेर थोडं फुगीर असतं. पान गळून गेलेलं असलं तरी तिथे त्याची अर्धगोल खूण राहते आणि त्या खुणेच्या अगदी वर, खोडाला चिकटून, तांदळाच्या कणीएवढा डोळा असतो. तो निद्रिस्त कोंब. खोडाची दोन्ही बाजूंनी पाहणी केली की प्रत्येक पेरावर असे दोन डोळे सापडतात. वरचा शेंडा असेपर्यंत हे डोळे दबलेले राहतात. शेंडा काढला की ते जागे होतात.

मातीपासून मोजत दोन किंवा तीन पेरं ठेवा आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या पेराच्या साधारण एक सेंटिमीटर वर धारदार, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. खाली एखादी पानाची जोडी शिल्लक असेल तर ती ठेवायचीच. अजिबात पान नसलं तरी हिरव्या, ताठ खोडातून कोंब फुटतात, फक्त वेळ जास्त लागतो. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतो, हे मला माहीत आहे. एवढ्या सुंदर झाडाचं बोटभर खुंट करून ठेवायचं म्हणजे जिवावर येतं. पण काडीच्या टोकावरची चार पानं सांभाळत बसलं तर झाड आणखी उंच आणि आणखी उघडं होत जातं. खालच्या पेरांतून पुन्हा पानं यावीत, याला दुसरा रस्ता नाही.

छाटणीनंतर एक चूक हमखास होते, ती म्हणजे पाणी पूर्वीइतकंच घालत राहणं. पानंच नाहीत, तर पाणी उडणार कुठून? माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. "छाटल्यावर झाड मेलं" अशी तक्रार ऐकली की मी आधी पाण्याबद्दल विचारते. या काळात वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर सुकल्यावरच थोडं पाणी द्या, खत बंद ठेवा. कुंडीवर पारदर्शक पिशवी सैलसर घातली तर ओलावा टिकतो आणि डोळे लवकर फुगतात. उबदार जागेत तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतात. ते दोन पानांचे झाले की पिशवी आधी दिवसातून तासभर, मग अर्धा दिवस, मग कायमची काढा. कुंडी बदलायची असेल तर ती याच वेळी.

दोन पेरांवर चारही डोळे फुटले तर उत्तम. जास्त आले तर अशक्त कोंब खुडून तीन-चार ठेवा. एवढ्या फांद्या झाडाला पेलतात आणि प्रत्येकीच्या टोकाला तुरा येऊ शकतो.

कापलेला शेंडा फेकू नका

वरचा भाग कलमासाठी वापरा. दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर किमान दोन पेरं, आणि खालचा काप पेराच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरची मोठी असतील तर आडवी निम्मी कापा. टोक मुळ्या फुटण्याच्या भुकटीत बुडवून, झटकून, निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाइट अशा ओलसर मिश्रणात खोचा. बोटाने आधी भोक पाडून घ्या, नाहीतर भुकटी वरच राहते. वरून पिशवी किंवा उलटा पारदर्शक डबा.

22 ते 25 अंशांत चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. थंडीत हे कलम करायला जाऊ नका, बहुतेक कुजतात. मधेमधे उपटून पाहण्याचा मोहही टाळा. हलकंच ओढल्यावर विरोध जाणवला आणि शेंड्याला नवं पान आलं की मुळं आली. तीन कलमं एकाच कुंडीत लावली तर झुडूप पहिल्यापासून भरदार दिसतं. मी दर दोन वर्षांनी एक नवी कुंडी अशी तयार ठेवतेच, कारण जुनं खोड काष्ठमय झालं की त्यातून कोंब फुटणं कमी होत जातं.

कीड

पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा आणि कोरड्या हवेत लाल कोळी. पान चिकट लागलं की पाठीमागे पाहा. थोड्या जागी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, पसरली असेल तर पाण्यात निमतेल आणि दोन थेंब पातळ साबण घालून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आणि दर सात दिवसांनी असं तीनदा करा. एकदाच फवारून थांबलात तर अंड्यांतून दुसरी पिढी येते.

दुसरा तुरा

झाड हिरवंगार आहे, पानंही भरपूर आहेत, पण तुरा येत नाही, ही शेवटची अडचण. याचं कारण जवळजवळ नेहमी उजेड असतं. अफेलँड्रात कळी धरणं हे दिवसाच्या लांबीपेक्षा उजेडाच्या तीव्रतेवर जास्त अवलंबून आहे. पानं तगायला जेवढा उजेड पुरतो तेवढ्यात फूल येत नाही. खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते वर्षभर हिरवं राहील, फुलणार नाही.

जागा जोखायची सोपी रीत आहे. दुपारी झाडाच्या जागी एक पांढरा कागद धरा आणि त्याच्या वीतभर वर हात. सावलीची कड स्पष्ट दिसली आणि तरीही तिथे थेट ऊन नसेल तर जागा बरोबर. सावली पुसट, नुसता डाग असेल तर उजेड कमी. सकाळचं तासभर कोवळं ऊन चालतं, तुऱ्यासाठी ते उपयोगीच पडतं. दुपारचं ऊन काचेतून आलं तर पानांवर फिके, कागदासारखे चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. अशी खिडकी नसेल तर वाढीचा एलईडी दिवा शेंड्यापासून 20 ते 30 सेंटिमीटरवर, रोज 12 ते 14 तास लावा. जास्त उजेडात नेताना आठवडाभरात टप्प्याटप्प्याने न्या. उजेड वाढला की पाणीही जास्त लागेल, तेव्हा बोट मातीत घालायची सवय सोडू नका.

छाटणीनंतर फांद्यांवर तीन-चार पानांच्या जोड्या झाल्या आणि असा उजेड दोन-तीन महिने सलग मिळाला की शेंड्याकडे लक्ष ठेवा. एक दिवस नव्या पानांची जोडी नेहमीपेक्षा लहान येते आणि तिच्या मधोमध पानाची गुंडाळी दिसण्याऐवजी घट्ट, चार धारांची, फिकट हिरवी कळी दिसते. चिमटीत हलकेच धरली तर तिच्या कडा बोटांना लागतात. ती दिसली की कुंडीची जागा बदलायची नाही, छाटणी नाही, आणि माती एकदाही कोरडी पडू द्यायची नाही. तहान लागली तर कळी तिथेच थांबते आणि टोकाकडून काळी पडते.

पुढच्या काही आठवड्यांत कळी लांबते, कडांना पिवळी झाक येते आणि मग तुरा पूर्ण रंगतो. खरी फुलं डोकावायला लागल्यावर रोज एक काम करा: सुकलेली फुलं चिमट्याने अलगद ओढून काढा. ती छदांच्या बेचक्यांत अडकून ओलावा धरतात, त्यावर करडी बुरशी येते आणि छद वेळेआधीच डागाळतात. फूल पूर्ण सुकलं असेल तर छदाला धक्का न लागता सहज सुटून येतं. सुटत नसेल तर ते उद्यापर्यंत राहू द्या.